आतून कळणं आणि ताडून पाहणं

माजघर (शनिवार, रात्री ९:४०)

गेले दोन आठवडे हे इथे मांडू की नको, असं चाललं होतं. इथे साधना करणारेही आहेत आणि वाचन करणारेही, म्हणून शेवटी लिहितेच.

आमच्या घरी वारी होती. वडील सतरा वेळा पायी पंढरपूरला गेले. मी एकदाही गेले नाही. कॉलेजात तत्त्वज्ञान घेतलं, मग शाळेत मराठी शिकवत असताना पंचवीस वर्षं जे हाताला लागेल ते वाचत राहिले. उपनिषदं, धम्मपद, सूफी साधकांची चरित्रं, ख्रिस्ती जोगिणींची आत्मवृत्तं. माझी रीत ठरलेली होती. वहीचं पान उभं दुमडायचं, डाव्या बाजूला एक परंपरा, उजव्या बाजूला दुसरी. कुठे जुळतं, कुठे अडतं ते लिहायचं. अशा अकरा वह्या भरल्या. धर्मांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या मॅक्स म्युलरने १८७० साली लंडनच्या व्याख्यानांत म्हटलं होतं की ज्याला एकच धर्म माहीत आहे त्याला एकही माहीत नाही. ते मला मनापासून पटलेलं होतं, अजूनही पटतं.

वडील माघात वारले. यंदा पालख्या पुण्यात आल्या त्या संध्याकाळी मी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला गेले, कारण लहानपणी ते आम्हाला तिथे तुकोबांच्या पालखीच्या दर्शनाला न्यायचे. रांग पार बाहेर रस्त्यावर. कडेला एक म्हातारी बसली होती, टाचा फुटलेल्या, पायाला फडकं गुंडाळलेलं. मला म्हणाली, "माउली, पानी हाय का?" मी बाटलीतलं पाणी तिच्या ओंजळीत ओतलं.

"माउली" हा शब्द मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितला आहे. ज्ञानेश्वरांना आईच्या मायेने दिलेलं नाव, आणि त्यावरून वारकऱ्यांनी एकमेकांना हाक मारायची पद्धत. त्या अर्ध्या मिनिटात मला कळलं की ती पद्धत म्हणून म्हणत नाहीये. ती जे दिसतंय ते म्हणते आहे. आणि ज्याला ती हाक मारते आहे ते माझ्यात जेवढं आहे तेवढंच तिच्यातही आहे. बस्स, एवढंच. डोळ्यांत पाणी आलं नाही, अंगावर काटा आला नाही. दोन आणि दोन चार कळावं तसं सरळ कळलं.

घरी आले आणि सवयीने वही उघडली. डावीकडे हे लिहिलं. उजवीकडे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १९०२ च्या पुस्तकात गूढानुभवाची चार लक्षणं सांगितली आहेत ती लिहिली: शब्दांत सांगता येत नाही, काहीतरी कळलं असं वाटतं, फार टिकत नाही, आणि आपण करत नसतो, आपल्यावर ते होत असतं. चारही बसली. आणि बसवता बसवता ते माझ्या हातात वाळून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे एक "नमुना" उरला होता.

मग मला विचारायचंय ते असं. तुलनेने ते मारलं, की तुलनेने ते मुळात किती होतं ते दाखवलं? अध्यात्मातलं खरं आतून कळतं की ताडून पाहिल्यावर? कृपया "दोन्ही हवं" एवढ्यावर सोडू नका. ते मलाही सुचतं.

---

चौथा दिवस (शनिवार, रात्री १०:१५)

ताई, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला मी आळंदीजवळ मरकळला गेलो होतो. तिथे दहा दिवस वाचायचं नाही, लिहायचं नाही, आणि दहाव्या दिवसापर्यंत बोलायचं नाही. जप, ध्यान, पूजा, जे काही आधी करत असाल ते बाजूला ठेवायचं. मला तो नियम जाचक वाटला होता. का आहे ते चौथ्या दिवशी समजलं. तिसऱ्या दिवशी एक बैठक फार शांत गेली. चौथ्या दिवशी मी तासभर फक्त "काल असं होतं, आज का नाही" एवढंच करत बसलो. समोर जे होतं ते पाहिलंच नाही. स्वतःच्या कालच्या अनुभवाशी केलेली तुलनासुद्धा पडदा होते, मग जेम्सशी केलेली तर किती!

माझं मत: वही त्या रात्री उघडायला नको होती.

---

प्रश्नचिन्ह (शनिवार, रात्री ११:०५)

मी वेगळं म्हणणार आहे. राग मानू नका.

माझ्या मावशीलाही असंच "सरळ कळलं" होतं. एका महाराजांच्या पायाशी बसल्यावर तिला आतून खात्री पटली की हेच. त्या खात्रीत काडीचीही भेसळ नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पुढच्या सहा वर्षांत तिचा फ्लॅट गेला, मामांशी बोलणं तुटलं, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. ती गेली तेव्हाही तिची खात्री शाबूत होती. तिने कधी शेजारच्या दुसऱ्या महाराजांकडे जाऊन पाहिलं असतं, की तिथेही लोकांना अगदी हेच आणि एवढंच पक्कं कळतंय, तर निदान एक प्रश्न तरी उभा राहिला असता.

मी शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. प्रामाणिक साक्षीदार चुकीची साक्ष देताना मी दर महिन्याला पाहतो. खोटं बोलत नाहीत ते. त्यांना तसंच दिसलेलं असतं. खात्री किती पक्की आहे यावरून गोष्ट खरी आहे की नाही हे ठरत नाही.

---

माजघर (शनिवार, रात्री ११:३०)

राग नाही. तुमच्या मावशीबद्दल वाचून पोटात तुटलं. नेमकी हीच भीती मला वही उघडायला लावते.

---

इंद्रायणी (रविवार, सकाळी ६:५०)

तुकोबा म्हणतात ना, "सत्यअसत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता". मनाला साक्षी ठेवलं, चार लोक काय म्हणतात ते मानलं नाही. मला तर यात उत्तर आलं असं वाटतं.

---

प्रश्नचिन्ह (रविवार, सकाळी ८:२०)

इंद्रायणी, ही ओळ माझीही लाडकी आहे. पण ग्वाही म्हणजे साक्ष. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याची उलटतपासणी होते. तुकोबांनी स्वतःच्या मनाची जेवढी उलटतपासणी घेतली तेवढी मराठीत फार थोड्यांनी घेतली असेल. गाथेत पानोपानी ते स्वतःला धारेवर धरतात. तो भाग सोडून फक्त "मन केले ग्वाही" उचललं तर माझ्या मावशीचे महाराजही तेच सांगत होते.

---

गवय (रविवार, सकाळी १०:००)

मी न्यायदर्शनाचा (जुन्या भारतीय तर्कशास्त्राचा) विद्यार्थी आहे, त्यामुळे नाव असं. इथे एक जुनी चर्चा फार उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपल्या दर्शनांमध्ये तुलनेला प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, मानायचं की नाही यावरच वाद आहे. चार्वाक फक्त प्रत्यक्ष मानतात. वैशेषिक प्रत्यक्ष आणि अनुमान. सांख्य त्यात शब्द, म्हणजे भरवशाच्या माणसाचं किंवा शास्त्राचं सांगणं, घालतात. नैयायिक, म्हणजे न्यायवाले, चौथं स्वतंत्र प्रमाण मानतात ते उपमान, म्हणजे तुलना. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती आणखी दोन धरून सहा करतात. उपमानाचं ठरलेलं उदाहरण असं: शहरातल्या माणसाने गवा (संस्कृतात गवय) कधी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, "गवय गाईसारखा असतो." पुढे हा माणूस रानात जातो, एक जनावर दिसतं, आणि त्याला कळतं की "गवय" म्हणतात तो हाच.

आता बघा, या "हाच" मध्ये नेमकं काय आहे? रानातल्या माणसाच्या वाक्यात तो नव्हता. ते वाक्य वर्षभर डोक्यात होतं, तरी गवा कळलेला नव्हता. आणि ते वाक्य नसतं तर जनावर समोर येऊनही कळला नसता, नुसतं एक जनावर दिसलं असतं. नैयायिक म्हणतात, इथे जे मिळालं ते नाव आणि वस्तू यांचं नातं. मीमांसक म्हणतात, छे, इथे मिळालं ते वेगळंच: घरच्या आठवणीतल्या गाईबद्दल नवं ज्ञान झालं, की ती याच्यासारखी आहे. म्हणजे मीमांसकांच्या मते तुलना उलट्या दिशेने चालते. नव्यामुळे जुनं उजळतं.

ताई, तुमच्या बाबतीत मला मीमांसकांचं म्हणणं जास्त लागू पडतं असं वाटतं. त्या म्हातारीपाशी तुम्हाला नवीन काही कळलं नाही. पंचवीस वर्षं शिकवलेला "माउली" हा शब्द उजळला. अकरा वह्या हे रानातल्या माणसाचं वाक्य होतं. त्यांना दोष देऊ नका.

पण ती रात्रीची वही वेगळी. पतंजलीने योगसूत्रांच्या पहिल्या पादात (१.४९) म्हटलं आहे की ऋतंभरा प्रज्ञेचा, म्हणजे समाधीत येणाऱ्या सत्याने भरलेल्या जाणिवेचा, विषय ऐकीव ज्ञान आणि अनुमान यांच्याहून निराळा असतो, कारण ती "विशेष", म्हणजे समोरची ती एकच वस्तू, जाणते. शब्द आणि अनुमान सामान्याच्या पलीकडे जात नाहीत. "धूर आहे तिथे आग" यात कोणतीही आग चालते. तुम्हाला जे कळलं ते त्या ओंजळीबद्दल होतं. जेम्सची चार लक्षणं कोणत्याही ओंजळीला चालतात. विशेषाला सामान्याच्या पेटीत घातलं की पेटी भरते, विशेष मात्र बाहेरच राहतो. वाळलं ते म्हणूनच, असं मला वाटतं. ते छोटं होतं म्हणून नव्हे.

---

चौथा दिवस (रविवार, सकाळी १०:४०)

गवय, हे फार नीट उलगडलंत. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँनेही १९०३ च्या निबंधात जवळपास हेच म्हटलं आहे ना? विश्लेषण म्हणजे वस्तू जी नाही त्याच्या भाषेत वस्तू सांगणं. शहराचे सगळ्या बाजूंनी फोटो काढून जोडले तरी त्या शहरातून चालल्यासारखं होत नाही.

---

गवय (रविवार, सकाळी १०:५५)

हो, तोच. फक्त बर्गसाँ तुलनेला जवळजवळ टाकूनच देतो. मी तेवढं करणार नाही.

---

कसोटी (रविवार, दुपारी १:१०)

आमची रविवार पेठेत सराफी आहे, आजोबांपासून. तत्त्वज्ञान मला येत नाही. पण तुलनेने खरं-खोटं ठरवणं हाच आमचा धंदा, म्हणून लिहावंसं वाटलं.

कसोटीचा दगड काळा, गुळगुळीत असतो. दागिना त्यावर घासायचा, पिवळी रेघ उठते. शेजारी माहितीच्या सोन्याची रेघ ओढायची. आमच्याकडे वेगवेगळ्या कसाच्या पट्ट्या असतात, प्रत्येकीचा कस ठाऊक. मग दोन्ही रेघांवर तेजाब लावायचं आणि कुठली रेघ किती उतरते ते शेजारी-शेजारी पाहायचं. आता २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, यंत्रं आली, पण जुना दागिना मोडीला आला की वडील अजून दगडच काढतात.

वडिलांना दागिना हातात घेतल्याबरोबर कळतं. वजनावरून, रंगावरून, वाजतो कसा त्यावरून, त्यांनाही सांगता येत नाही. तरीही ते दगडावर घासतातच. लहानपणी मी विचारलं, तुम्हाला कळलंय तर घासता कशाला? म्हणाले, गिऱ्हाइकासाठी नाही रे, माझ्यासाठी. ज्या दिवशी घासायचं थांबवीन त्या दिवसापासून हात चुकायला लागेल. वकीलसाहेबांचं म्हणणं मला म्हणून पटतं. आतून कळणं खरंच असतं, पण ते धार लावून ठेवावं लागतं आणि दगड ती धार लावतो.

पण दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. पट्टीशी ताडून पाहतो, ठीक. मग पट्टीचा कस कशाशी ताडला? दुसऱ्या पट्टीशी. आणि ती? कुठेतरी पहिलं शुद्ध सोनं असावंच लागतं, आणि ते ताडून मिळत नाही. ते तावून मिळतं. मुशीत घालायचं, हीण जळून जातं, पुन्हा तावायचं, जोवर त्यातून आणखी काही जात नाही तोवर. शंभर नंबरी सोनं म्हणजे दुसऱ्यासारखं सोनं नव्हे. ज्यातून आता काही काढता येत नाही असं सोनं.

आता वकीलसाहेबांना माझा एक प्रश्न. तुमच्या मावशीच्या महाराजांना तुम्ही खोटं म्हणता, बरोबरच म्हणता. पण तुमच्याकडे खऱ्याची पट्टी कुठली होती? ती तुम्हाला कशी मिळाली?

---

प्रश्नचिन्ह (रविवार, दुपारी ३:३०)

हा प्रश्न मला दुपारभर पुरला.

प्रामाणिकपणे सांगायचं तर माझी आजी. ती फारशी देवळात जायची नाही. पण घरी आलेल्या माणसाला ती ज्या तऱ्हेने "बस" म्हणायची, त्यात काहीतरी होतं, ते मला त्या महाराजांच्या दरबारात कुठेही दिसलं नाही. मी आजीची कशाशी तुलना करून ती खरी असं ठरवलेलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

तरी माझा आक्षेप मागे घेत नाही, थोडा हलवतो. वारकरी घरातल्या मुलीला "माउली" कळते. स्पेनमधल्या तेरेसा या जोगिणीला ख्रिस्त कळतो. झेन साधकाला शून्यता. गूढानुभवांचा अभ्यासक स्टीव्हन कॅट्झने १९७८ मध्ये हाच मुद्दा मांडला: अनुभव आधी कोरा येतो आणि मग त्याला आपण आपल्या परंपरेची भाषा चढवतो असं नाही, तर अनुभवच मुळात त्या परंपरेच्या साच्यातून घडून येतो. मग ताईंना कळलं ते खरं, की ताईंच्या घरचं?

---

घोरपडी (रविवार, संध्याकाळी ५:००)

आम्ही मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. घरी हे वाक्य ऐकतच मोठी झाले. टिळकांनी तुकोबा आणि ख्रिस्त यांचा तक्ता मांडला नव्हता. ते चालत गेले. साच्याचा मुद्दा बरोबर असेल, पण मग एका साच्यातला माणूस दुसऱ्या काठावर पोचल्यावर पहिल्या काठाचे आभार कशाला मानेल?

---

पाठभेद (रविवार, रात्री ९:२५)

दिवसभर वाचत होतो. माझे मामा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या (सगळ्या पोथ्या ताडून ठरवलेल्या संहितेच्या) कामावर होते. तुलना म्हणजे काय हे मी त्यांच्याकडून पाहिलं, आणि ती किती पवित्र असू शकते हेही. म्हणून ज्यांना तुलना म्हणजे रुक्षपणा वाटतो त्यांच्यासाठी लिहितो.

काम १९१९ मध्ये सुरू झालं, संस्था स्थापन झाल्यावर दोनच वर्षांनी. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर मुख्य संपादक. आदिपर्व १९३३ मध्ये पुरं झालं. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, काम अर्ध्यावर होतं. मग बेलवलकर, मग वैद्य. पुरं झालं १९६६ मध्ये, एकोणीस खंड. १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. काश्मिरातली शारदा लिपीतली, केरळातली मल्याळम् लिपीतली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ या लिप्यांमधली. तक्त्यावर वर एक ओळ, खाली प्रत्येक पोथीत त्या जागी काय आहे ते अक्षरागणिक. मामा सांगायचे की एखाद्या दिवशी चार श्लोक झाले तरी दिवस सार्थकी लागला असं वाटायचं. रोज सकाळी कामाला बसण्याआधी ते हात धुवायचे. अंगवळणी पडलं होतं म्हणा, पण मला त्यात पूजा दिसायची.

त्यांची कसोटी अशी की काश्मीर आणि केरळ, ज्यांचा एकमेकांशी संबंध येणं अवघड, अशा दोन टोकांना जो पाठ सारखा येतो तो जुना असण्याचा संभव जास्त. वकीलसाहेब, तुमच्या भाषेत, दोन साक्षीदार ज्यांनी आपसांत ठरवून घेतलेलं नाही. कॅट्झचा मुद्दा मी नाकारत नाही. साचे आहेतच. पण इतक्या वेगळ्या साच्यांमधून कुठे कुठे तेच अक्षर उमटतं, हे तक्ता मांडल्याशिवाय दिसणारच नाही. ते पाहायला तुलनाच लागते.

आता दुसरी बाजू. या कामात गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती गोष्ट मूळ पाठातून बाहेर पडली, परिशिष्टात गेली. सभापर्वात, ज्याचं संपादन एडगर्टन या अमेरिकन पंडिताने केलं, द्रौपदी कृष्णाला हाक मारते तो भागही मुख्य संहितेत राहिला नाही. वस्त्र ओढलं जातं, आणि दुसरं वस्त्र येतं, आणखी दुसरं येतं. कुणी दिलं, ते लिहिलेलं नाही.

माझी आजी ती हाक ऐकताना दर वेळी पदराने डोळे टिपायची. मामांनी तिला कधी सांगितलं नाही. मी एकदा त्यांना विचारलं, मग आजी रडते ते खोट्या गोष्टीवर? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "कुठला पाठ जुना ते आम्ही सांगतो. हाक पोचली की नाही, हे कुठल्याच पोथीत नसतं."

आणखी एक. चिकित्सक आवृत्तीत काही अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. तिचा अर्थ, हा पाठ आम्ही घेतला आहे, पण निश्चित म्हणता येत नाही. काढून टाकलं नाही आणि ठाम उभंही केलं नाही. माजघर ताई, जमलं तर संस्थेत जाऊन एकदा ते पान पाहून या.

---

इंद्रायणी (रविवार, रात्री ९:५०)

आजीचं वाचून मला आता झोप लागणार नाही.

---

नामधारक (सोमवार, पहाटे ५:३०)

पाठभेद, नमस्कार. आपण बहुधा समवयस्क असू.

ज्या माणसाकडे या दोन्ही गोष्टी पूर्ण होत्या त्याचं नाव या धाग्यात अजून आलं नाही याचं नवल वाटतं. गुरुदेव रामचंद्र दत्तात्रेय रानडे, जन्म १८८६, जमखंडी. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. उपनिषदांवरचा त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये पुण्यातूनच निघाला, महाराष्ट्रातल्या संतांवरचा १९३३ मध्ये. पुढे अलाहाबादला कुलगुरू झाले, शेवटची वर्षं निंबाळला. १९५७ मध्ये गेले. ग्रीक तत्त्वज्ञ, ख्रिस्ती साधक, आपले संत यांना ते एका ओळीत बसवतात, इतकी तुलना त्या काळात इकडे क्वचितच कुणी केली असेल. सर्व देशांतल्या सर्व काळांतल्या संतांचा एकच समाज आहे असं ते म्हणत.

पण ते आधी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलेले साधक होते. रोज तासन् तास नामाला बसत. तुलना त्यांनी शोधण्यासाठी केली नाही. जे घरी सापडलं ते इतरांच्या घरीही आहे हे पाहून होणारा आनंद त्या पानांमध्ये आहे. म्हणून त्यांची तुलना वाळत नाही.

आमच्याकडे तीन प्रचीती सांगतात. शास्त्रप्रचीती, गुरुप्रचीती, आत्मप्रचीती. तिन्ही जुळल्या पाहिजेत. प्रश्नचिन्ह यांच्या मावशींच्या बाबतीत एकच होती, आणि तीही उसनी. पण जुळवायच्या तर आत्मप्रचीती आधी हवी ना? नसलेली गोष्ट जुळवणार कशाशी?

ज्ञानोबारायांनी अमृतानुभवात तिसऱ्या प्रकरणात फार धीटपणे सांगितलं आहे. शिव म्हणाले, विष्णू म्हणाले, या लोभाने आम्ही हे मानतो असं नाही. त्यांनी नसतं सांगितलं तरी हे मिळालंच असतं. पण हे म्हणण्याआधी दोन ओव्यांमध्ये ते शिवसूत्र आणि गीता दोन्हींची साक्ष शेजारी-शेजारी ठेवतात! ताडून झालं, मग म्हणाले की याच्यावाचून अडलेलं नव्हतं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

---

षड्ज (सोमवार, सकाळी ११:४५)

नामधारक काकांना नमस्कार. प्रश्नचिन्ह यांच्या साच्याच्या प्रश्नाला धरून एवढंच सांगायचंय.

मी सदाशिव पेठेत गाणं शिकवतो. तंबोऱ्याला चार तारा. पंचम, मधल्या दोन जोडाच्या (दोन्ही एकाच सा ला), आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. जोड लावणं म्हणजे निव्वळ तुलना. एक तार छेडायची, दुसरी छेडायची, दोघींमध्ये लहर ऐकू येते, ती मणी सरकवत संथ करत न्यायची, मग लहर थांबते. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर पुढेमागे करायचा. नव्या मुलांचा यात अर्धा तास जातो.

सगळं नीट लागलं की खर्जातून गंधार (ग) ऐकू येतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. कुठलीही तार गंधाराला लावलेली नसते. भौतिकशास्त्राने त्याचं कारण सांगता येतं, खर्जाच्या तारेचा पाचवा स्वरांश (मूळ कंपनाच्या पाचपट वेगाचा स्वर) तो, म्हणजे भ्रम नव्हे.

मी विद्यार्थ्यांना गंधाराबद्दल आधी सांगत नाही. मुद्दाम. सांगितलं की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना ऐकू यायला लागतो, आणि तो खरा नसतो. सहा महिने, कधी वर्ष जातं. मग एखादी मुलगी गाता गाता थांबते आणि विचारते, "सर, गंधार कोण वाजवतंय?"

तिला तो कुणी शिकवलेला नसतो. तुलना करतानाही ती गंधार शोधत नव्हती, जोड लावत होती. लहर थांबल्याशिवाय तो आला नसता हेही तितकंच खरं. आणि तो आल्यावर ती पुन्हा जोड छेडून तपासत बसली तर तेवढ्यापुरता जातो. परत येतो. तंबोरा लागलेला असेल तर परत येतोच.

ताईंची म्हातारी त्यांना वहीत सापडली नसती. पण वह्या नसत्या तर तार लागली असती का, हे मी सांगू शकत नाही.

---

प्रश्नचिन्ह (सोमवार, दुपारी २:१५)

"सांगितलं की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना ऐकू येतो." हे वाक्य मी लिहून घेतलं. मावशीच्या महाराजांकडे पहिल्याच दिवशी सांगत असत, काय ऐकू येणार आहे ते. फरक करायला मला एवढं पुरेसं आहे. साच्याबद्दलचा माझा प्रश्न संपलेला नाही, पण षड्ज, तुमच्या क्लासला एकदा नुसता बसायला येऊ का?

---

षड्ज (सोमवार, दुपारी २:३०)

अवश्य. सकाळी सातला या, तंबोरे लावायच्या आधी.

---

माजघर (मंगळवार, रात्री ८:५०)

सगळ्यांची मनापासून ऋणी आहे. आज शाळा लवकर सुटली म्हणून संस्थेत जाऊन आले. नागमोडी रेघ पाहिली. अगदी बारीक असते, पटकन लक्षातही येत नाही. ग्रंथालयातल्या बाईंनी आदिपर्वाचा खंड काढून दिला, मी तासभर नुसती पानं उलटत बसले होते.

घरी येऊन बारावी वही काढली. उजवीकडचं जेम्सचं खोडलं नाही, तेही खरंच आहे. डावीकडच्या त्या चार ओळींखाली पेन्सिलने तशीच रेघ ओढली. गवय, तुम्ही म्हणता तसं ते वाळलं की नाही, मला आज खात्रीने सांगता येत नाही. काल सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंनी हाक मारली तेव्हा मी दार उघडायला नेहमीपेक्षा वेगळ्या पायांनी गेले, एवढं मात्र झालं.

कसोटी दादा, तुमच्या "ताडून नाही, तावून" यावर मी अजून काही बोलू शकत नाही. पुढच्या वर्षी निदान पुणे ते सासवड, दिवेघाट, एवढं तरी चालायचं ठरवलं आहे.

---

चौथा दिवस (मंगळवार, रात्री ९:१०)

ताई, एक राहून गेलं विचारायचं. पाणी प्यायल्यावर त्या आजींनी काय केलं?

---

माजघर (मंगळवार, रात्री ९:३५)

माझ्या पाया पडायला वाकल्या. वारीत तसंच असतं, जो तो ज्याच्या त्याच्या पाया पडतो. मीही वाकले. दोघी एकदमच वाकलो, आणि माझं कपाळ त्यांच्या डोक्यावर आपटलं. बुक्क्याचा डाग माझ्या कपाळावर उठला, तो घरी येईपर्यंत होता.

हे मी वहीत लिहिलंच नव्हतं. आत्ता तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं.